वाट, पाय आणि परतणे : मराठी गद्यातील गावाभोवतीच्या फेरफटक्याविषयी

१

पदव्युत्तर वर्गाला लघुनिबंध हा वाङ्मयप्रकार शिकवताना एक अडचण दरवर्षी येते. लघुनिबंधाचा निवेदक संध्याकाळी घराबाहेर पडतो, वस्तीबाहेरच्या वाटेने थोडा चालतो, एखादे झाड, एखादा पार, परतणारी गुरे पाहतो. त्यावरून त्याला काही सुचते आणि दिवेलागणीच्या सुमारास तो घरी परततो. ह्या फेरफटक्याचे वर्णन मी धाराशिव जिल्ह्यातील (२०२३ पर्यंतच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील) एका वर्गात करीत असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, पण ह्यांना जायचं कुठंय?" वर्ग हसला. मीही हसले. परंतु तो प्रश्न मनातून गेला नाही.

हा प्रश्न वाङ्मयीन संस्कारांच्या अभावातून आलेला आहे, असे मानून पुढे जाता आले असते. शिक्षक म्हणून आपण बहुधा तेच करतो. निर्हेतुकता हे ललित गद्याचे लक्षण आहे, 'कुठे' ह्यापेक्षा 'कसे' हे महत्त्वाचे, असे सांगून विद्यार्थ्याला गप्प करता येते. पण ज्या मुलाने दहावीपर्यंत रोज शेताच्या बांधावरून शाळेची वाट तुडवली, त्याने चालण्याविषयी विचारलेला प्रश्न हा चालण्याच्या अनुभवातूनच आलेला असतो. त्याच्या अनुभवविश्वात चालणे पुष्कळ आहे, फेरफटका नाही. मग समीक्षेपुढे प्रश्न उभा राहतो तो असा : गावाभोवती सहज, सोपे, निष्कारण चालणे हा अनुभव मराठी साहित्यात कुणाचा आहे? आणि तो ज्यांचा नाही, त्यांच्या चालण्याने मराठी गद्याला कोणते रूप दिले?

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाची मांडणी वाट, पाय आणि परतणे ह्या तीन घटकांच्या साहाय्याने करण्याचा प्रयत्न आहे. प्रत्येक चालण्याला एक वाट लागते, म्हणजे तिच्यावर चालण्याची मुभा लागते; चालणारे पाय लागतात, म्हणजे त्या पायांना कामातून मोकळीक लागते; आणि परतण्यासाठी एक घर लागते. ह्या तिन्ही गोष्टी ज्याला न मागता मिळतात, त्यालाच चालणे निर्हेतुक वाटू शकते.

२

आरंभी शब्दांचाच विचार करणे अगत्याचे आहे. मराठीत चालण्याला शब्दांची वाण नाही. पायपीट, वणवण, रपेट, वाटचाल, फेरी, प्रदक्षिणा, गस्त, वारी, अटन, भटकंती, हिंडणे, फिरणे, फेरफटका. ह्यांतील बहुतेक शब्दांच्या पोटात चालण्याचे कारण दडलेले आहे. पायपीटीत कष्ट आहेत, वणवणीत अभाव आहे, गस्तीत नेमून दिलेले काम आहे, वारीत व्रत आहे. फेरफटका हा त्या मानाने मोकळा शब्द. 'फिरायला जाणे' हा वाक्प्रयोगही तसाच. पण तो बोलणाऱ्याची सामाजिक जागा लगेच उघड करतो. आमच्या भागातील खेड्यात आजही 'फिरायला गेलाय' हे वाक्य बहुधा निवृत्त गुरुजींविषयी किंवा डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितलेल्या माणसाविषयी उच्चारले जाते. मुलीविषयी ते उच्चारले गेले तर त्याचा अर्थच बदलतो.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर प्रभृतींनी लघुनिबंध रुजवला. फडक्यांनी त्याला दिलेले 'गुजगोष्टी' हे नावही परिचित आहे. इंग्रजी निबंधाचा संस्कार ह्या प्रकारावर होता, हे सर्वमान्य आहे. ह्या इंग्रजी परंपरेत चालण्याला मानाचे स्थान होते. हॅझलिटने १८२२ मध्ये एकट्याने पायी प्रवास करण्याच्या सुखाची बाजू मांडली, स्टीव्हन्सनने १८७६ मध्ये पायी सहलींवर निबंध लिहिला. चालणे, सुचणे आणि लिहिणे ह्यांची तेथे एक साखळी तयार झाली होती. मराठी लघुनिबंधाने ही साखळी घेतली. चालण्याची लय आणि वाक्याची लय जुळवणारे, वाचकाशी बरोबरीने बोलत चालणारे गद्य त्यातून मराठीला मिळाले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

मात्र लघुनिबंधातील वाट बहुधा शहराच्या कडेची असते : टेकडी, तलावाचा काठ, चौपाटी. ती नांगरलेल्या जमिनीतून क्वचितच जाते. जेथे जाते तेथे शेत हे दृश्य असते. ते कुणाचे आहे आणि त्यातून जायला मुभा आहे की नाही, हे प्रश्न निवेदकाला पडत नाहीत. वाटेला मालक नसतो, पायांना काम नसते आणि घरी दिवा लावलेला असतो. तो कुणी लावला, हेही बहुधा सांगितले जात नाही.

३

येथे एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो : निष्कारण चालणे ही इंग्रजांची चैन, ती आपल्या मातीतली नव्हे. हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. प्रथम इंग्लंडची बाजू पाहू.

इंग्रजी खेड्याभोवतीची पायवाट आज नकाशात नोंदलेली, पाट्या लावलेली आणि कायद्याने राखलेली असते. सहल करणारा माणूस शेतकऱ्याच्या कुरणातून निर्धास्त जातो. हे दृश्य पाहून ती वाट निसर्गाइतकीच जुनी आणि निरपवाद वाटते. प्रत्यक्षात अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत सामाईक जमिनींना कुंपणे घालण्याचे कायदे झाले, तेव्हा त्या देशातील असंख्य वाटा बंद झाल्या. जॉन क्लेअर हा शेतमजूर कवी ज्या हेल्पस्टन गावचा, तेथील कुंपणाचा कायदा १८०९ चा. बालपणी ज्या माळावर तो मोकळा हिंडला तो तुकड्या-तुकड्यांत वाटला गेला, हे त्याच्या कवितेतील एक मूळ दुःख आहे. १८४१ मध्ये एसेक्समधील मनोरुग्णालयातून निघून तो सुमारे ऐंशी मैल पायी चालत घराकडे आला. हॅझलिटचे चालणे आणि क्लेअरचे हे चालणे एकाच देशातले, जवळपास एकाच काळातले. निबंधाच्या परंपरेत आपण पहिले वाचले, दुसरे वाचले नाही.

पुढे २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशायरमधील किंडर स्काउट ह्या डोंगरपठारावर काही शे कामगार तरुण-तरुणी जमीनमालकाची मनाई मोडून चढले. त्यांच्यापैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. त्याच वर्षीच्या कायद्याने सलग वीस वर्षांच्या वहिवाटीला पायवाटेच्या हक्काचा आधार मानले. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला आपल्या हद्दीतील पायवाटांचे अधिकृत नकाशे करणे बंधनकारक झाले. म्हणजे आजची ती 'सोपी' सहल गिरणीकामगारांनी शिक्षा भोगून मागितलेल्या हक्कावर उभी आहे. निर्हेतुक चालणे ही तेथेही आपोआप मिळालेली वस्तू नव्हती. लघुनिबंधाबरोबर मराठीत इंग्रजी वाटेचे सौंदर्य आले. त्या वाटेचे भांडण मात्र आले नाही. ही उणीव मराठीला झालेल्या इंग्रजीच्या ओळखीची आहे, त्या प्रकाराची स्वभावगत उणीव नव्हे.

४

आता आपली बाजू. देशीवादी भूमिकेतून असे म्हटले जाते की आपल्या परंपरेत चालणे नेहमी कशासाठी तरी असते : देवासाठी, पोटासाठी, लग्नाकार्यासाठी. हे विधान मराठी गद्याच्या उगमापाशीच अडखळते.

मराठीतील आद्य गद्यग्रंथ 'लीळाचरित्र' हा चालणाऱ्या पुरुषाचा ग्रंथ आहे. चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाचा काळ 'एकांक' ह्या भागात येतो. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध ह्यांतही गावे मागून गावे येत राहतात. म्हाइंभटांनी ह्या आठवणी जमवल्या त्या परंपरेनुसार माणसामाणसांना गाठून, म्हणजे पुन्हा चालूनच. 'स्थानपोथी'त तर चक्रधर कुठे बसले, कुठे निजले, कोणते देऊळ कोणत्या दिशेला होते, ह्यांची नोंद आहे. महानुभाव आचारधर्मात 'अटन' हे साधन मानले गेले. आपला मुलूख, आपले गाव, आपली नातीगोती ह्यांपासून दूर, ओळख नसलेल्या ठिकाणी फिरत राहण्याची ती शिस्त आहे. अटनाला मुक्काम असतात; गंतव्य नसते. एवढेच नव्हे, तर चक्रधरांच्या परिवारात बाइसा, महदाइसा अशा स्त्रिया आहेत आणि त्याही चालतात.

अर्थात अटन म्हणजे फेरफटका नव्हे. फेरफटक्यात परतणे गृहीत आहे. अटनात परतण्याचाच त्याग आहे. पण 'कुठे जायचे आहे?' ह्या प्रश्नाला 'कुठेही नाही' असे उत्तर मराठीने तेराव्या शतकात दिलेले होते, हे ध्यानात घ्यावयास हवे. म्हणून निर्हेतुक चालणे परके आहे, असे म्हणता येत नाही. ते आपल्याकडे घर सोडणाऱ्यालाच शक्य होते, आणि घरी राहणाऱ्याला त्याची मुभा फार थोड्यांना होती, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

५

घरी राहणाऱ्यांपैकी गावाभोवती सर्वाधिक कोण चालले? ग्रामव्यवस्थेच्या इतिहासात ह्याचे उत्तर स्पष्ट आहे. वेसकर किंवा तराळ म्हणून नेमलेला महार चालला. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, मयताचे निरोप नेणे, दवंडी देणे, रात्रीची गस्त घालणे, अंमलदाराच्या गाडीपुढे धावणे ही त्याची कामे. गावाची शिव कुठून जाते, कोणता दगड मूळचा आणि कोणता सरकवलेला, हे त्याला ठाऊक असे. हद्दीच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची मानली जाई. इंग्लंडमध्ये वर्षातून एकदा सारे ग्रामस्थ मिळून गावाच्या हद्दीवरून चालत जाण्याची, मुलांना हद्दीचे दगड दाखवण्याची जुनी चाल होती. आपल्याकडे हे सामूहिक स्मरण एका जातीच्या पायांवर सोपवलेले होते. ज्याने सगळा शिवार पायांनी पाठ केला, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर होते.

शंकरराव खरात ह्यांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) ह्या आत्मकथनाचे शीर्षक ह्या दृष्टीने पुन्हा वाचावे लागते. तराळ हा जमिनीवर, हुकमाप्रमाणे चालणारा. अंतराळ ही वाटा नसलेली जागा. तराळकीच्या घरातून निघून मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत गेलेल्या लेखकाला आपल्या प्रवासासाठी 'वाटचाल' हा रुळलेला शब्द पुरेसा वाटला नसावा. वाट तर वडिलांच्या पायांखाली होतीच; तिच्यावरची मोकळीक नव्हती.

लक्ष्मण माने ह्यांच्या 'उपरा' (१९८०) मध्ये घटकांचा क्रमच बदलतो. गाढवांवर संसार लादून गावोगाव जाणाऱ्या कैकाडी कुटुंबाला वाट आहे, पाय आहेत. परतण्यासाठी घर नाही. लघुनिबंधाच्या निवेदकाला जे चालण्याच्या शेवटी हमखास मिळते, तेच येथे कधी मिळत नाही. ब्रिटिश राजवटीने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून त्यांच्या हालचालींवर हजेरी आणि परवाने लादले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. फिरणे हाच ज्या देशात काहींच्या बाबतीत गुन्हा होता, त्या देशात फिरण्याचे सुख सांगणारा निबंध वाचताना ही पार्श्वभूमी पुसून टाकता येत नाही.

ह्याच संदर्भात बालकवींच्या 'औदुंबर'चे स्मरण होते. ह्या छोट्याशा कवितेत गाव आहे, गावाभोवतीचे हिरवे शिवार आहे आणि त्यातून डोहाकडे जाणारी पायवाट आहे. फेरफटक्याचा सगळा सरंजाम येथे हजर आहे. फक्त चालणारा माणूस नाही. वाट स्वतःच चालते आहे, आणि कवितेतील पाय एका झाडाचे आहेत. तेही बसलेल्या झाडाचे. ही कविता आजवर उदासीनतेची, गूढतेची म्हणून पुष्कळ वाचली गेली आणि ते योग्यच आहे. पण ज्या वाटेवर कुणीच नाही ती वाट पाडली कुणी, हा प्रश्नही तिच्या गूढतेत मिसळला तर कविता उणावत नाही. ती डोह अधिक खोल करते.

६

ह्याचा अर्थ मध्यमवर्गीय लेखकाचे चालणे नेहमी आंधळे असते, असा नाही. दोन उदाहरणे येथे महत्त्वाची वाटतात.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा (१९५५) आरंभ एका तरुण शिक्षकाच्या पायी येण्याने होतो. त्याच्या चालण्याला कारण आहे : नोकरी. वाट त्याची नाही, गाव त्याचे नाही. कादंबरीभर तो ह्या परकेपणाची किंमत देत, हळूहळू धनगरांच्या चालण्याची गती शिकतो. शेवटी दुष्काळ पडतो आणि चालणे साऱ्या वाडीच्या वाट्याला येते. माणसे आणि मेंढरे निघून जातात. कादंबरी पायांनी सुरू होते आणि पायांनीच रिकामी होते. निवेदकाचे येणे आणि वाडीचे जाणे ही दोन चालणी शेजारी ठेवली की त्याच्या नजरेतील संयमाचे कारण उमगते. आपण परतू शकतो आणि ही माणसे कदाचित परतणार नाहीत, ही जाणीव त्या गद्याला भावविवश होऊ देत नाही.

इरावती कर्वे ह्यांचा 'परिपूर्ती'मधील (१९४९) 'वाटचाल' हा लेख दुसरे उदाहरण. दिंडीबरोबर चालताना लेखिकेला महाराष्ट्राची एक व्याख्या सापडते : ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. ही व्याख्या वारंवार उद्धृत होते. त्याच लेखात ब्राह्मण आणि मराठा वारकरी दिवसभर एकत्र चालतात पण जेवायला वेगळे बसतात, ह्याची खंतही आहे. ती तितकी उद्धृत होत नाही. वाट एक झाली तरी मुक्काम वेगळे राहिले, हे निरीक्षण एका समाजशास्त्रज्ञ स्त्रीने चालूनच मिळवले. लघुनिबंधातील 'सुचणे' आणि येथील 'कळणे' ह्यांतला फरक मला मूलभूत वाटतो. सुचण्याला वाट निमित्त म्हणून पुरते. कळण्यासाठी वाटेवरच्या इतरांच्या पायांकडे पाहावे लागते.

७

आता प्रश्न जेथून सुरू झाला त्या जिल्ह्याकडे येऊ. तेरणेच्या काठचे तेर हे गाव एखाद्या सकाळी सहज फिरून पाहण्याजोगे आहे. गोरोबाकाकांचे समाधिमंदिर, मुळात बौद्ध चैत्यगृह असलेले विटांचे त्रिविक्रम मंदिर, पांढरीची जुनी टेकाडे. ह्या परिसरात सापडलेल्या वस्तू जमवून रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी उभा केलेला संग्रह आज शासकीय संग्रहालयाच्या रूपाने तेथे आहे. हेच प्राचीन 'तगर'. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासग्रंथात तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे, आणि येथील कापड मोठ्या वाटाहीन प्रदेशांतून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाते, अशी नोंद आहे. अंतर दिवसांत मोजले आहे, म्हणजे पायांच्या आणि बैलांच्या गतीने. आणि ज्या मुलखातून रोज गाड्या जात, तो परक्या नोंदकाराला वाटाहीन वाटला. वाट आहे की नाही हे पाहणाराच ठरवतो, ह्याचे इतके जुने उदाहरण आपल्याच जिल्ह्यात मिळावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

पण तेरची खरी कथा चालण्याची नाही. ती तुडवण्याची आहे. गोरोबा नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडवीत होते आणि रांगत आलेले मूल त्या पायांखाली सापडले, ही आख्यायिका प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. भक्तीच्या पराकाष्ठेची कथा म्हणून ती सांगितली जाते. ती श्रमाचीही कथा आहे : कुंभाराचे पाय दिवसभर चालतात आणि जागच्या जागी राहतात. ह्याच जिल्ह्यातील कळंब तालुक्यात जन्मलेल्या भास्कर चंदनशिव ह्यांच्या 'लाल चिखल' ह्या कथेत बाजारात भाव पडल्यावर शेतकरी बाप आपल्या टोमॅटोचा ढीग पायांखाली तुडवतो आणि मुलगा ते पाहतो. एका कथेत मूल पायांखाली येते, दुसरीत मूल साक्षीदार होते. एकीच्या शेवटी देव धावतो आणि मूल परत मिळते. दुसरीत धावून येणारा कुणी नाही. लेखकाच्या मनात ही समांतरता होती, असा माझा दावा नाही. परंतु ह्या भूमीतील वाचकाला ती टाळता येत नाही. पाय हलतात पण वाट होत नाही, ह्या अनुभवाची दोन रूपे सहा-सात शतकांच्या अंतराने समोर येतात, आणि 'ह्यांना जायचं कुठंय?' ह्या प्रश्नाच्या मागे काय होते ते कळू लागते. जागच्या जागी तुडवणारे पाय ज्याने घरी पाहिले, त्याला मोकळ्या पायांचा हेतू विचारावासा वाटणे स्वाभाविक आहे.

८

ह्या विवेचनातून फेरफटका त्याज्य ठरतो काय? मला तसे वाटत नाही. उलट तो मागून घ्यावा असे वाटते.

वाटेचा हक्क आपल्याकडेही कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ नुसार शेतकऱ्याला इतरांच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याची वाट मागता येते. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ नुसार अडवलेली वहिवाटीची वाट खुली करून मागता येते. तहसील कार्यालयांतील अशा प्रकरणांच्या कागदांत आपल्या खेड्यांचे एक अलिखित वाङ्मय साठलेले आहे. पण ह्या दोन्ही तरतुदींचा भर शेताकडे जाण्यावर, कामावर, वहिवाटीवर आहे. निव्वळ चालण्यासाठी वाट मागावी, ही कल्पना आपल्या कायद्यात नाही आणि आपल्या ग्रामीण साहित्यातही क्वचितच आहे. ग्रामीण साहित्याने श्रमाचे पाय दाखवले, हे त्याचे मोठेपण. विसाव्याचे पाय त्या माणसांनाही असू शकतात, हे दाखवायचे राहून गेले. सौंदर्यानुभव शहरी निवेदकाकडे आणि कष्ट ग्रामीण पात्राकडे, ही वाटणी दोघांनी मिळून टिकवली.

आश्विन पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरकडे माणसांची रीघ लागते. सुमारे पंचेचाळीस किलोमीटरची ती वाट हजारो पाय रात्रभर चालतात. त्यांत मुली असतात, सासुरवाशिणी असतात, म्हाताऱ्या असतात. चांदण्यात चालण्याचे सुख त्यांना मिळत नसेल, असे कोण म्हणेल? पण ते सुख देवीच्या नावावर जमा होते. वर्षातील त्या रात्री कुणी विचारत नाही, कुठे निघालीस म्हणून. इतर रात्रींचे काय, हा प्रश्न लघुनिबंधानेही विचारला नाही आणि ग्रामीण कथेनेही विचारला नाही.

म्हणून लघुनिबंध अभ्यासक्रमातून वगळण्याऐवजी तो 'उपरा' आणि 'तराळ-अंतराळ' ह्यांच्या शेजारी ठेवून वाचावा, अशी माझी सूचना आहे. चालण्याचे कोणतेही वर्णन समोर आले की तीन गोष्टी विचाराव्यात : वाट कुणाची, पाय कशातून मोकळे झाले, आणि परतायला कोणते घर आहे. ह्या प्रश्नांनी निबंधाचा आनंद कमी होत नाही. तो आनंद कशावर उभा आहे ते दिसते, आणि तो इतरांनाही हवा असू शकतो, हे कळते.

ह्या वर्षी मी वर्गाला एक पान लिहायला सांगितले : आपल्या गावाभोवतीची एक वाट, कामाशिवाय चाललेली. बहुतेकांनी शाळेची किंवा शेताचीच वाट लिहिली; 'कामाशिवाय' ह्या अटीकडे त्यांनी दुर्लक्ष केले. एका विद्यार्थिनीने मात्र अट पाळली. ओढ्याकाठच्या पायवाटेने ती लहानपणी आजीबरोबर जात असे. भावकीत वाटण्या झाल्यावर ती वाट बाभळीचे फास टाकून बंद झाली. आता ती डांबरी रस्त्याने जाते. ओढ्याकाठी काय काय दिसे, हे तिने चार ओळींत लिहिले. उरलेले पान किती वाजता निघाले, कुणाला सांगून निघाले, वाटेत कोण भेटले, त्यांनी काय विचारले आणि किती वाजता घरात पाय ठेवला, ह्या तपशिलांनी भरलेले होते. रूढ निकषांनी पाहिले तर तो फसलेला लघुनिबंध आहे. मी त्याला वर्गातले सर्वाधिक गुण दिले. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी ते पान वाचायला दिले, तेव्हा त्याने ते दोनदा वाचले. कुठे जायचे होते, हे मात्र त्याने विचारले नाही.